विश्लेषण : स्काइप संपले, एस्टोनिया का संपला नाही?

नाशिक शहरापेक्षाही कमी लोकसंख्येच्या या देशाने सॉफ्टवेअर उद्योग कसा उभारला? सरकारने त्यात नेमके काय केले? आणि इतके सारे जमवूनही हा देश आज चिंतेत का आहे?

५ मे २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने स्काइप कायमचे बंद केले. परदेशी गेलेल्या मुलाचा चेहरा ज्या निळ्या-पांढऱ्या खिडकीत अनेक आई-वडिलांनी पहिल्यांदा पाहिला, ती खिडकी भारतातील बहुतेक घरांतून त्याआधीच गायब झाली होती. व्हॉट्सअ‍ॅप आले, झूम आले, त्यामुळे या बातमीवर इथे कोणी फारसे हळहळले नाही. बाल्टिक समुद्राकाठच्या एस्टोनियासाठी मात्र ही एका अ‍ॅपच्या निवृत्तीची बातमी नव्हती. जेमतेम १३.७ लाख लोकवस्तीच्या या देशाला जगाने ओळखले ते स्काइपमुळे. (२०११ च्या जनगणनेत एकट्या नाशिक शहराची लोकसंख्या १४.८६ लाख होती.) ते नाव गेले, तरी एस्टोनियाचा सॉफ्टवेअर उद्योग जागेवर आहे. याचे श्रेय सहसा हुशार तरुणांना आणि त्यांच्या स्टार्टअपना दिले जाते. ते अर्धेच खरे आहे.

स्काइप एस्टोनियाचे कसे?

कंपनी स्थापन करणारे दोघे एस्टोनियाचे नव्हते. निकलास झेनस्ट्रॉम स्वीडनचे, तर यानुस फ्रीस डेन्मार्कचे. ऑगस्ट २००३ मध्ये जे सॉफ्टवेअर जगापुढे आले, ते मात्र राजधानी टालिनमध्ये आहती हैनला, प्रीट कासेसालू आणि यान टालिन यांनी लिहिले होते. (शेवटच्या गृहस्थांचे आडनाव आणि शहराचे नाव सारखे असणे हा योगायोग.) हे तिघे शाळेपासूनचे मित्र. देश अजून सोव्हिएत संघात होता, तेव्हाच त्यांनी संगणकावरचे खेळ बनवून परदेशात विकले होते. पुढे फाइलींची देवाणघेवाण करणारे काझा हे गाजलेले आणि कोर्टकचेऱ्यांत अडकलेले सॉफ्टवेअरही त्यांनीच लिहिले. मधल्या सर्व्हरचा मोठा खर्च टाळून एका संगणकाने दुसऱ्याशी थेट बोलायचे, ही काझाची युक्तीच स्काइपमध्ये आवाजासाठी वापरली गेली.

२००५ मध्ये ईबेने स्काइप सुमारे २.६ अब्ज डॉलरना घेतले आणि २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यासाठी ८.५ अब्ज डॉलर मोजले. टालिनमध्ये काम करणाऱ्या, कंपनीत हिस्सा असलेल्या लोकांच्या हाती त्यातून पैसा आला. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, कोट्यवधी लोक वापरतात असे उत्पादन आपण बनवू शकतो, हे एका पिढीला शेजारच्या टेबलावर घडताना दिसले.

गरिबी पथ्यावर कशी पडली?

१९९१ मध्ये एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला तेव्हा तिजोरीत काही नव्हते. चलन रूबल, दुकानांत रांगा, फोनसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादी. त्या काळातला एक किस्सा तिथले राजकारणी आवडीने सांगतात. शेजारच्या फिनलंडने आपले जुने अ‍ॅनालॉग टेलिफोन एक्स्चेंज फुकट देऊ केले होते. ते नाकारून एस्टोनियाने थेट डिजिटलची वाट धरली. किस्सा सांगता सांगता थोडा रंगलाही असेल, पण त्यामागची वृत्ती खरी आहे. पाश्चात्त्य देशांकडे चाळीस वर्षांच्या जुन्या संगणकप्रणाली होत्या आणि त्या मोडणे महाग होते. इथे मोडायलाच काही नव्हते.

अर्थात अगदीच कोरी पाटी होती असेही नाही. टालिनमध्ये १९६० पासून सायबरनेटिक्स संस्था होती. सोव्हिएत काळात गणित आणि संगणकशास्त्रात मुरलेली माणसे तिथे होती आणि पुढे याच संस्थेतून सायबरनेटिका ही कंपनी निघाली. १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष लेनार्ट मेरी यांनी ‘टायगर लीप’ म्हणजे ‘वाघाची झेप’ नावाचा कार्यक्रम जाहीर केला. त्याची कल्पना तोमास हेंड्रिक इल्वेस आणि याक आविक्सू यांची. इल्वेस तेव्हा अमेरिकेतील राजदूत होते, पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले. शाळांत संगणक आणि इंटरनेट पोहोचवणे हा त्याचा गाभा. त्यावर टीका कमी झाली नाही. छपरे गळत असताना संगणक कशाला, हा प्रश्न तिथेही विचारला गेलाच. त्याच वर्षी तिथल्या बँकांनी इंटरनेट बँकिंग सुरू केले. गावोगावी शाखा उघडण्याइतका पैसा बँकांकडे नव्हता, हे त्यामागचे साधे कारण.

एक्स-रोड म्हणजे काय?

एस्टोनियाच्या यशाचे मर्म शोधायचे तर स्टार्टअपच्या चकचकीत कार्यालयांत जाऊन उपयोग नाही. ते या रटाळ नावाच्या सरकारी यंत्रणेत आहे. डिसेंबर २००१ मध्ये एक्स-रोड सुरू झाला. नागरिकांची सगळी माहिती एका प्रचंड संगणकात गोळा करायची, असा मार्ग बहुतेक सरकारांना मोहात पाडतो. एस्टोनियाला तो परवडणाराच नव्हता. त्यामुळे प्रत्येक खात्याचे कपाट त्याच्याच खोलीत राहू दिले आणि खोल्यांना जोडणारा रस्ता तेवढा सरकारने बांधला. लोकसंख्येची नोंद एका खात्याकडे, जमिनीची दुसऱ्याकडे, औषधांची चिठ्ठी तिसऱ्याकडे. एका खात्याला दुसऱ्याकडची माहिती हवी असेल तर या रस्त्याने विनंती जाते, उत्तर येते आणि त्या प्रत्येक खेपेवर कोणी, कधी, काय मागितले याचा शिक्का उमटतो.

या शिक्क्याला फार महत्त्व आहे. एस्टोनियाचा नागरिक सरकारी पोर्टलवर जाऊन आपली माहिती कोणत्या कार्यालयाने केव्हा पाहिली, हे तपासू शकतो. डॉक्टरने किंवा पोलिसाने कामाशिवाय, निव्वळ कुतूहलापोटी एखाद्याची नोंद उघडली, तर ती दंडाला पात्र ठरते. माहिती चोरीला जाऊ नये म्हणून कुलूप सगळेच देश लावतात. किल्ली कोणी वापरली याची वही घरमालकाच्या हाती देणारे देश फार थोडे.

दुसरा नियम त्याहून साधा आहे. सरकारला जी माहिती एकदा दिली, ती सरकारच्या दुसऱ्या खात्याने पुन्हा मागायची नाही. दाखल्यासाठी दाखला आणि त्या दाखल्याच्या तीन झेरॉक्स, या चक्रातून फिरलेल्या मराठी वाचकाला या नियमाची किंमत वेगळी सांगायला नको. जन्म रुग्णालयात नोंदला गेला की ती नोंद पुढच्या खात्यांपर्यंत आपोआप जाते. प्राप्तिकराचे विवरणपत्र आधीच भरून समोर येते. बहुतेकांना ते तपासून मान्य करण्यापुरतेच काम उरते. २०२४ च्या अखेरीपासून घटस्फोटाचा अर्जही ऑनलाइन करता येतो.

सॉफ्टवेअर उद्योगाशी याचा संबंध असा, की सरकारने हे सारे काम देशातल्या छोट्या कंपन्यांकडून, छोट्या छोट्या तुकड्यांत करून घेतले. एखाद्या परदेशी महाकाय कंपनीला पंधरा वर्षांचे कंत्राट देऊन मोकळे व्हावे, एवढे पैसेच नव्हते. सायबरनेटिका, नॉर्टल, हेल्मेस यांसारख्या कंपन्या या कामांवर घडल्या आणि तेच कौशल्य घेऊन परदेशी सरकारांकडे गेल्या. युक्रेनची सरकारी माहिती-देवाणघेवाण यंत्रणा एक्स-रोडवरूनच बेतलेली आहे. फिनलंडने एक्स-रोड जसाच्या तसा स्वीकारला आणि २०१७ पासून दोन्ही देश त्याची देखभाल मिळून करतात. एकेकाळी जुने टेलिफोन एक्स्चेंज देऊ करणारा हाच तो फिनलंड.

आधी कायदा की आधी यंत्रणा?

तारखांचा क्रम पाहण्यासारखा आहे. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा १९९६ मध्ये झाला. डिजिटल स्वाक्षरीला हाताच्या सहीइतकी मान्यता देणारा कायदा २००० मध्ये. एक्स-रोड २००१ मध्ये आणि चिप असलेले ओळखपत्र २००२ मध्ये. म्हणजे नागरिकाच्या हातात कार्ड पडण्याआधी त्याचे हक्क कागदावर होते.

भारतात हा क्रम उलटा झाला. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिले गेले. आधारचा कायदा २०१६ मध्ये आला. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला आणि माहिती संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला. एस्टोनियाशी तुलना करताना १३.७ लाखांचा देश आणि १४० कोटींचा देश यांना एका मापाने मोजता येत नाही, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. खर्च, भाषा, नेटवर्कची पोच याबाबत तो बरोबर आहे. पण कायदा आधी करायचा की नंतर, हे लोकसंख्येवर ठरत नाही. मोठ्या देशात चुकीचा फटका अधिक लोकांना बसतो, त्यामुळे तिथे तर कायद्याची घाई जास्त हवी.

लोकांनी लगेच स्वीकारले का?

मुळीच नाही. सुरुवातीची काही वर्षे या ओळखपत्राची थट्टाच झाली. हिवाळ्यात गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायला कार्ड बरे पडते, असे लोक म्हणत. करभरणा किंवा इतर सरकारी कामांसाठी बहुतेक जण बँकेचाच पासवर्ड वापरून आत जात आणि सरकारने त्याला हरकतही घेतली नाही. पुढे बँकांनी जुन्या पद्धतीच्या संकेतांवरून होणाऱ्या व्यवहारांची मर्यादा खाली आणली, तसे लोक चिप-कार्डाकडे वळले. सक्ती, सवय आणि सोय यांचा हा मेळ जमायला काही वर्षे गेली. एस्टोनियाची गोष्ट सांगताना प्रचारपुस्तिका ही वर्षे गाळतात.

संकटे कोणती आली?

पहिले संकट २००७ च्या एप्रिल अखेरीस आले. टालिनच्या मध्यवर्ती भागातील सोव्हिएत सैनिकाचा कांस्य पुतळा सरकारने लष्करी दफनभूमीत हलवला. रस्त्यावर दंगली झाल्या आणि पाठोपाठ बँका, वृत्तपत्रे, सरकारी संकेतस्थळे यांच्यावर बनावट विनंत्यांचा भडिमार सुरू झाला. तो काही आठवडे चालला. सगळे काही ऑनलाइन असलेला देश किती उघडा पडू शकतो, हे जगाने तेव्हा पाहिले. पुढच्याच वर्षी ‘नाटो’चे सायबर संरक्षण केंद्र टालिनमध्ये स्थापन झाले. नंतर एस्टोनियाने देशाच्या महत्त्वाच्या माहितीची प्रत लक्झेम्बर्गमध्ये ठेवण्याचा करार केला. त्या जागेला दूतावासासारखे संरक्षण आहे. उद्या भूमीवर आक्रमण झाले तरी जमिनीच्या आणि नागरिकत्वाच्या नोंदी शिल्लक राहाव्यात, हा हेतू. रशियाला लागून राहणाऱ्या देशाला अशी कल्पना सुचावी, यात नवल नाही.

दुसरे संकट घरातले होते आणि उद्योगाच्या दृष्टीने तेच अधिक शिकवणारे. २०१७ च्या ऑगस्टअखेरीस चेक प्रजासत्ताकातील मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांनी कळवले की ओळखपत्रातील चिपमध्ये दोष आहे. पुरेशी संगणकशक्ती ओतली तर गुप्त किल्ली शोधून काढता येईल. सुमारे साडेसात लाख कार्डांत ही चिप होती. प्रौढ लोकसंख्येच्या बऱ्याच मोठ्या भागाचे हे कार्ड. ऑक्टोबरमध्ये स्थानिक निवडणुका आणि त्यात ऑनलाइन मतदान होणार होते. असे प्रकरण दाबून टाकण्याचा मोह कोणत्याही सरकारला होईल. एस्टोनियाच्या सरकारने ५ सप्टेंबरला पत्रकार परिषद घेऊन सगळे सांगून टाकले. निवडणूक झाली, ऑनलाइन मतदानही झाले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला धोका वाढल्याचे दिसताच सदोष कार्डांची प्रमाणपत्रे गोठवण्यात आली आणि लोकांनी घरबसल्या किंवा कार्यालयांत जाऊन ती नवी करून घेतली. रांगा लागल्या, प्रणाली अडखळली, शिव्याही पडल्या. पण २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून अधिक मते ऑनलाइन पडली. चूक लपवली असती तर हा आकडा दिसला असता का, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

स्काइपच्या पैशातून काय उगवले?

स्काइपमध्ये सुरुवातीपासून असलेले तावेत हिनरिकुस लंडनमध्ये राहत, पण त्यांना पगार युरोत मिळे. त्यांचे मित्र क्रिस्टो केर्मान यांचा पगार पौंडांत, मात्र घराचा हप्ता एस्टोनियात. बँकेच्या दरात दोघांचेही नुकसान. दोघांनी आपापसात पैसे बदलायला सुरुवात केली आणि त्यातून २०११ मध्ये ट्रान्सफरवाइज म्हणजे आजची वाइज जन्मली. परदेशातून घरी पैसे पाठवणाऱ्या अनेकांना हे नाव नवे नाही. आहती हैनला यांनी यानुस फ्रीस यांच्यासोबत घरपोच सामान नेणारे छोटे रोबो बनवणारी स्टारशिप काढली. मार्कुस विलिग यांनी तर १९ व्या वर्षी, २०१३ मध्ये टॅक्सी बोलावण्याचे अ‍ॅप सुरू केले. तेच पुढे बोल्ट झाले. सगळेच काही असे सोज्वळ नाही. ऑनलाइन जुगाराचे सॉफ्टवेअर बनवणारी प्लेटेक १९९९ मध्ये एस्टोनियातच सुरू झाली आणि देशाच्या यशस्वी कंपन्यांच्या यादीत तिचे नाव मानाने घेतले जाते.

करांचा नियमही मदतीला आला. २००० पासून एस्टोनियात कंपनीने नफा कंपनीतच ठेवला तर त्यावर कर नाही. तो मालकांना वाटला की कर लागतो. नफा पुन्हा धंद्यात घालणाऱ्यांना यापेक्षा सोयीचे काय हवे? २०१४ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या ‘ई-रेसिडेन्सी’मुळे परदेशी माणसालाही तिथे न जाता कंपनी काढता येऊ लागली. या मोकळेपणाची किंमतही मोजावी लागली. आभासी चलनाच्या धंद्याचे परवाने इतक्या सैल हाताने वाटले गेले की २०२० मध्ये हजाराहून अधिक परवाने रद्द करण्याची वेळ आली.

मग चिंता कसली?

एस्टोनियात साधारण दहा ‘युनिकॉर्न’ घडले, असे अभिमानाने सांगितले जाते. युनिकॉर्न म्हणजे एक अब्ज डॉलरहून अधिक मूल्याची खासगी कंपनी. लोकसंख्येच्या मानाने हा आकडा थक्क करणारा आहे, पण यादी जवळून पाहिली की थोडी पातळ होते. झेगो लंडनची, आयडी.मी अमेरिकेची, संस्थापकांपैकी कोणी एस्टोनियाचा म्हणून त्या यादीत आल्या. वाइजचे मुख्यालय लंडनमध्ये आहे. २०२१ मध्ये ती तिथल्याच शेअर बाजारात उतरली आणि २०२५ मध्ये भागधारकांनी मुख्य नोंदणी अमेरिकेत हलवायला मंजुरी दिली. पाइपड्राइव्हचा बहुतांश हिस्सा २०२० मध्ये अमेरिकी गुंतवणूक कंपनीने घेतला. स्काइपचे तर काय झाले ते समोरच आहे. १३ लाखांच्या बाजारात कोणतीच कंपनी मोठी होऊ शकत नाही, म्हणून तिथली कंपनी पहिल्या दिवसापासून परदेशासाठी घडते आणि मोठी झाली की परदेशी होते. नोकऱ्या आणि पगार टालिनमध्ये राहतात, पण कंपनी चालू ठेवायची की बंद करायची हे दुसरीकडे ठरते. स्काइप बंद करण्याचा निर्णयही टालिनमध्ये झाला नव्हता.

त्यात आता युद्धाची सावली आहे. युक्रेनवरील आक्रमणानंतर संरक्षणखर्च झपाट्याने वाढला आणि कर वाढवावे लागले. प्राप्तिकर आणि कंपनीकर २०२५ पासून २० वरून २२ टक्क्यांवर गेला, मूल्यवर्धित कर जुलै २०२५ पासून २४ टक्के झाला. ज्या देशाने ‘आमच्याकडे कर सोपे आहेत आणि वारंवार बदलत नाहीत’ हीच आपली जाहिरात केली, त्याला ती जाहिरात आता जपून करावी लागते.

माणसे कुठून येणार?

सर्वात अवघड प्रश्न हाच आहे. १९८९ मध्ये एस्टोनियाची लोकसंख्या १५.६५ लाख होती. ती घटली आहे. बाहेरून माणसे आणावीत तर इतिहास आडवा येतो. सोव्हिएत काळात इतके स्थलांतर झाले की १९८९ पर्यंत मूळ एस्टोनियन लोकांचे प्रमाण सुमारे ६१ टक्क्यांवर आले होते. भाषा बोलणारे जगात जेमतेम दहा लाखांच्या आसपास. ती टिकेल का, ही धास्ती तिथे खरीखुरी आहे. त्यामुळे युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्यांवर वर्षाला लोकसंख्येच्या ०.१ टक्के इतकी मर्यादा आहे. सॉफ्टवेअर अभियंते आणि स्टार्टअपमधील कर्मचारी यांना मात्र त्यातून वगळले आहे. म्हणजे कोड लिहिणाऱ्याला दार उघडे, रुग्णालयात सेवा करणाऱ्याला रांग. उद्योगाचा दबाव धोरणावर किती असतो, हे एवढ्यावरून कळते.

दुसरा मार्ग घरातल्याच माणसांना तयार करण्याचा. शाळेत प्रोग्रॅमिंग २०१२ पासून शिकवले जाते. २०२५ च्या सप्टेंबरात सुमारे २० हजार विद्यार्थ्यांपासून कृत्रिम बुद्धिमत्तेचा नवा शालेय कार्यक्रम सुरू झाला. त्याला नावही जुन्या ‘वाघाच्या झेपे’वरूनच दिले आहे. पण कसोटी ईशान्येला आहे. इडा-विरू हा रशियन भाषकांचा, तेलखडकाच्या खाणींवर जगलेला आणि त्या खाणींना घरघर लागलेला जिल्हा. टालिनच्या भरभराटीत त्याचा वाटा नगण्य. तिथल्या योहवी या छोट्या शहरात २०२१ मध्ये उद्योजकांच्या पुढाकाराने प्रोग्रॅमिंगची शाळा निघाली. फी नाही, शिक्षक नाहीत. विद्यार्थी एकमेकांकडून शिकतात आणि व्यवहाराची भाषा इंग्रजी. त्यामुळे एस्टोनियन आणि रशियन बोलणारी मुले एका टेबलावर बसतात. रशियाची सीमा तिथून ५० किलोमीटरवर आहे, टालिन त्याच्या तिप्पट अंतरावर. खाणकामगाराच्या मुलीला कोड लिहायला शिकल्यावर योहवीतच काम मिळते की तिलाही टालिनची गाडी पकडावी लागते, याचा हिशेब युनिकॉर्नच्या यादीत कुठेच नाही.